उंबरठ्याशी अडणारा पांगुळगाडा

खेळणी आपापसात बोलत, तेव्हाची गोष्ट. एका सुताराच्या घरी तीन चाकांचा पांगुळगाडा होता. त्याची दांडी धरून सुताराची चिमुकली मंजुळा घरभर दुडूदुडू चालायची. आई मागून म्हणायची, "हळू गं, पडशील!" उंबरठ्याशी गाडा अडायचा, मग मंजुळाही थांबायची.

एके दिवशी मंजुळाने दांडी सोडली, चौकट धरून उंबरठा ओलांडला आणि ती अंगणात पळाली. त्यानंतर तिने दांडी धरलीच नाही.

कोपऱ्यातल्या गाड्याने शेजारच्या लाकडी बाहुलीला, ठकीला विचारलं, "माझं काही चुकलं का गं?"

"तू तिला नीट चालायला शिकवलंस, म्हणूनच ती गेली," ठकी म्हणाली. गाड्याला ते पटलं, पण बरं वाटलं नाही. दारात पैंजण वाजले की त्याची चाकं अजून कुरकुरायची.

एका दुपारी तिचे ओले, चिकट हात पुन्हा दांडीवर आले. मंजुळाने ठकीला गाड्यावर बसवलं आणि ढकलत दारापर्यंत नेलं. चाकं उंबरठ्याशी अडली. गाडा घाबरला, आता ही पुन्हा सोडून जाणार.

मंजुळा पलीकडे गेली, वळली आणि दोन्ही हातांनी दांडी ओढू लागली.

"हळू हं," ती गाड्याला म्हणाली, "पडशील!"

गाड्याने अंगण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.