विनंतीपेटीवरची चार काड्यांची खोली

एका गावात एक सगुणाबाई होती, आणि ती एकच होती हे त्या गावाचं नशीब. बाई शिवणकाम करायची, हात चांगला होता, मनाने प्रेमळ होती. पण काळजी करायची म्हणजे किती करावी? दाराला कुलूप लावून चर्चला निघाली की अर्ध्या वाटेवरून परत यायची, कुलूप ओढून बघायची, आणि ओढल्यामुळे ते सैल तर झालं नसेल ना, म्हणून पुन्हा काळजी करत बसायची.

त्या उन्हाळ्यात तिची मुलगी एस्तेर बाळंतपणाला माहेरी आली. गेल्या वर्षी एस्तेरचं एक बाळ पोटातच गेलं होतं, त्यामुळे या वेळची सगुणाबाईची काळजी काही उगाचची नव्हती. तेवढं मान्य. पण दुपारी डोळा लागलेल्या मुलीला हलवून जागं करायचं आणि विचारायचं, की बाळा, तुला झोप नीट लागते ना? याला काय म्हणावं?

एस्तेरचे डोळे खोल गेले. नर्सबाई तपासायला आल्या, त्यांनी सांगितलं की हिचा रक्तदाब वाढतोय, हिला विश्रांती मिळालीच पाहिजे. ते ऐकून सगुणाबाई रात्रंदिवस तिच्या उशाशी बसू लागली. शेवटी एस्तेरने पिशवी भरायला घेतली.

"आई, येत्या सोमवारी मी सासरी जाते," ती म्हणाली. "तिथून दवाखाना लांब आहे, ठाऊक आहे मला. पण तिथे मला झोपू तरी देतील."

सगुणाबाईला वाटलं, आता या मुलीला थांबवायचं कसं?

त्या गावच्या चर्चची एक रीत होती. ओसरीवर एक लाकडी विनंतीपेटी ठेवलेली असे. तिच्या झाकणाला फट होती. ज्याला जे मागायचं ते त्याने कागदावर लिहून फटीतून आत टाकायचं. रविवारी भक्तीच्या आधी पाळकसाहेब झाकण उघडून प्रत्येक विनंतीसाठी प्रार्थना करायचे. सगळं गाव चिठ्ठी टाकून मोकळं होई. सगुणाबाई मात्र सोमवारी सकाळी पाळकसाहेबांच्या दारात हजर. चिठ्ठी परत द्या, एक गोष्ट लिहायची राहिली. मंगळवारी पुन्हा, कारण लिहिलेलं फार झालं, थोडं खोडायचंय. पाळकसाहेब सहनशील माणूस, पण पेटीची किल्ली शोधता शोधता त्यांचेही केस पिकले होते.

त्या आठवड्यात मुलीच्या सरबराईत बाईचे चार दिवस गेले. गुरुवारी भाजी चिरताना तिला एकदम आठवलं आणि तिने कपाळाला हात लावला. रविवारी भक्तीनंतर टाकलेल्या चिठ्ठीत तिने लिहिलं होतं, "बाळ सुखरूप होऊ दे." एस्तेरचं नावच घातलं नव्हतं! प्रभूने चिठ्ठीबरहुकूम फक्त बाळालाच सांभाळलं तर?

ती तशीच चर्चकडे धावली. बघते तर झाकणावर, नेमक्या फटीवर, कबुतराच्या जातीच्या होल्यांच्या जोडीने घरटं केलं होतं. घरटं कसलं, चार काड्या आडव्या-उभ्या टाकलेल्या, खालचं लाकूडही दिसत होतं. त्यावर मादी बसली होती आणि तिच्या पोटाखाली दोन अंडी होती.

"पिल्लं उडून जाईपर्यंत पेटी उघडणार नाही," पाळकसाहेबांनी सांगून टाकलं. "महिनाभर तरी."

सगुणाबाईने हात जोडले, रडली, भांडली. पाळकसाहेब म्हणाले की एस्तेरसाठी मी रोज नाव घेऊन प्रार्थना करतो आहे. त्यावर बाईचं म्हणणं असं, की तोंडी ठीक आहे, पण पेटीत लेखी वेगळंच पडलंय, मग प्रभू कोणतं धरून चालेल?

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "सगुणाबाई, तो देव आहे. कचेरीतला कारकून नाही."

बाई घरी परतली, पण पटलं थोडंच. शनिवारी दुपारी पाळकसाहेब जेवायला गेले आहेत असं बघून ती ओसरीवर आली. हातात फडकं होतं. पाखराला फडक्यात धरायचं, काड्या बाजूला सारायच्या, केसातल्या आकड्याने फटीतून चिठ्ठी ओढून काढायची, एवढंच. ती अगदी जवळ गेली. पाखरू उडालं नाही. गोल डोळ्याने तिच्याकडे बघत राहिलं. त्याचा गळा तेवढा भराभर हलत होता.

"ऊठ की गं," सगुणाबाई वैतागून म्हणाली. "जिवाची भीती नाही का तुला?"

भीती तर दिसतच होती. तरी ते उठत नव्हतं. इतक्यात माळावरून वाऱ्याची वावटळ आली. धुळीचा लोट ओसरीत घुसला, आवारातल्या लिंबाचा मोहर अंगावर पडला, पेटी थरथरली. चारांतली एक काडी उडून गेली. सगुणाबाईने काही विचार न करता फडकं टाकलं आणि दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरली. पाखराने पिसं फुगवली आणि ते अंड्यांवर आणखी खाली बसलं.

वारा पडला तेव्हा बाईच्या लक्षात आलं, की हिच्या घरट्यासाठी कुणी चिठ्ठी टाकली नव्हती. आपण हिचं घर मोडायला आलो आणि धरून उभ्या राहिलो. आपल्याला इथे नेमकं कुणी उभं केलं? तिला एकदम थकवा आला, वर्षानुवर्षांचा.

"प्रभू, एस्तेर तुझी आहे," ती हळूच म्हणाली. "माझ्याने आता धरवत नाही."

मग ती लिंबाच्या सावलीत पायरीवर टेकली. वर होला घुमत होता. पाळकसाहेब जेवून परतले तेव्हा सगुणाबाई खांबाला डोकं टेकून घोरत होती. त्यांनी आधी घाईघाईने अंडी मोजली, मग वहाणा हातात घेऊन चोरपावलांनी आत गेले.

ती घरी आली तेव्हा एस्तेर झोपली होती, भरलेली पिशवी उशाशी. सगुणाबाई उंबऱ्यावर बसली. तीनदा उठली, तीनदा परत बसली, पण मुलीला जागं केलं नाही. दिवेलागणीला एस्तेर आपण होऊन उठली आणि आईकडे बघून घाबरली.

"आई, तुला बरं नाही का?"

"चहा घेतेस?" सगुणाबाईने विचारलं, आणि दुसरा प्रश्न विचारला नाही.

सोमवार आला आणि गेला. पिशवी कधी रिकामी झाली हे दोघींपैकी कुणी बोललं नाही. सगुणाबाई रोज दुपारी पायरीवर जाऊन बसायची, घरात मुलगी झोपायची. पंधरवड्याने नर्सबाई म्हणाल्या की रक्तदाब उतरला आहे.

महिना झाला आणि पिल्लं उडून गेली. पाळकसाहेबांनी पेटी उघडली, चिठ्ठी शोधली आणि पेन्सिलीसकट सगुणाबाईपुढे धरली. पुढे काय होणार याची त्यांना खात्री होती. बाईने चिठ्ठी वाचली. खरोखरच एस्तेरचं नाव नव्हतं. पेन्सिल हातात घेतली, क्षणभर धरली आणि परत दिली. चिठ्ठीची घडी घालून ती तशीच पेटीत टाकली.

पाळकसाहेब मटकन पायरीवर बसले. "काहीच लिहायचं नाही?"

"कळलंय त्याला," ती म्हणाली. "पेटी तेवढी पुसून घ्या, पाखरांनी घाण केलीय."

आठ दिवसांनी एस्तेरला मुलगी झाली. मायलेकी सुखरूप. सगुणाबाई कुलूप मात्र अजूनही ओढून बघते, पण एकदाच.

तात्पर्य सांगायलाच हवं का? बरं, सांगतो: काळजी प्रभूच्या हाती दिलीत ना, मग ती दुरुस्त करायला परत मागू नका, आणि हात रिकामे झालेच आहेत, तर शेजारचं घरटं वाऱ्यात धरून उभे राहा.