पातेल्यातली कल्हई

“आई शेजारणीच्या मांजराला नावानं हाक मारते, बाबा. मग मलाच कशी विसरली?”

विचारणारे होते डॉक्टर अनंत कुळथे, शहरातले मेंदूचे मोठे डॉक्टर. ऐकणारे खैरूबाबा, दर्ग्याच्या ओट्यावर बसणारे म्हातारे फकीर. उमर भांड्यांना कल्हई लावण्यात गेलेली. आताही कुणी भांडं आणून ठेवलं तर परत पाठवत नसत. शेजारी डॉक्टरांची आई, यमुनाबाई, पदराचं टोक गुंडाळत बसल्या होत्या.

“डॉक्टर तू. तूच सांग.”

“मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारं रसायन असतं. वय झालं, हा आजार जडला, की ते आटत जातं. औषध चालू आहे. शिवाय मी रोज विचारतो. मी कोण? आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंस? मेंदू राबता ठेवावा लागतो. तुम्हाला नाही कळायचं ते.”

“खरंय. माझे तर गुडघेसुद्धा मला विसरले… मग, काय सांगतात त्या?”

“आधी चुकायची. आता मी खोलीत आलो की भिंतीकडे तोंड करते.”



बाबांनी एक जुनं पितळेचं पातेलं डॉक्टरांपुढे सरकवलं. वर राख आणि नारळाची शेंडी ठेवली.

“आत कल्हई किती उरलीय, घासून बघ बरं.”

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. घासलं.

“आहे थोडी.”

“नीट कळेना. आणखी घास.”

तळाशी पिवळं पितळ डोकावलं.

“आता?”

“कमी झाली.”

“किती कमी? पुन्हा घास.”

“बाबा, असं घासून बघत राहिलो तर आहे तीही…”

डॉक्टरांचा हात थांबला.



यमुनाबाई पुढे सरकल्या. त्यांनी पातेलं काढून बाजूला ठेवलं. डॉक्टरांचे राखेनं माखलेले हात आपल्या मांडीवर ओढले आणि पदरानं एकेक बोट पुसू लागल्या.

“केवढा माखलास… कुणाचा रे तू, बाळा?”

 डॉक्टरांनी बाबांकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतोस?” बाबा हळूच म्हणाले. “आज त्या विचारतायत. तू सांग.”