राजाच्या फोनवरचं तेज

"उद्या दुपारपर्यंत असा फोन आण, जो आमच्या फोनच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात मिळेल आणि आमच्या फोनपेक्षा चांगला फोटो काढेल! नाही जमलं, तर तुझ्या पोरीची शाळा बंद. तीही तुझ्यासारखी तबक धरून उभी राहील!"

कुरणगडच्या कीर्तिराज महाराजांनी भर दरबारात असं फर्मावलं आणि सटवाजीनं हातातलं चांदीचं तबक आणखीच घट्ट धरलं. तबकात मखमल, मखमलीवर महाराजांचा फोन! तो घेऊन महाराजांच्या मागेमागे फिरायचं, हीच सटवाजीची चार वर्षांची चाकरी.

चूक त्याच्या जिभेची होती. त्याच्या पंधरा वर्षांच्या येसूला शहरातल्या मोठ्या शाळेत जागा मिळाली होती. तिथले निम्मे धडे फोनवर यायचे. म्हणून त्यानं आपला महाराजांनाच सल्ला विचारला, की पोरीला कुठला फोन घेऊ?

"आमच्यासारखा घे!"

"परवडत नाही, महाराज."

"मग राहू दे! स्वस्त फोन म्हणजे नुसतं डबडं!"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसेल तो सटवाजी कसला! बोलून गेला, "डबड्यातूनसुद्धा फोटो निघतोच की, महाराज! चेहरा तोच, मग फोन कुठलाही असेना!"

झालं! महाराजांच्या नाकाला मिरची झोंबली.

आता या महाराजांची एक खोड होती. नव्या वस्तूवरचं दुकानातलं प्लास्टिक ते कधी काढू द्यायचे नाहीत. म्हणे, वस्तू नवी राहते! सिंहासनाच्या गादीवर प्लास्टिक, झुंबरावर प्लास्टिक, रथाच्या बैठकीवरही प्लास्टिक. महाराज सिंहासनावर बसले की असा चर्र आवाज व्हायचा, की चोपदाराला ललकारी द्यायची गरजच उरली नव्हती. आणि जो प्लास्टिक काढेल, त्याची नोकरी गेलीच म्हणून समजा!

सटवाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. "येसू, तुझ्या बापानं तुझा घात केला गं! देवानं अक्कल वाटली तेव्हा मी तबक धरून रांगेच्या बाहेर उभा होतो बघ!"

येसूनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आबा, महाराजांचा फोन तुम्ही रोज पुसता ना? कसा?"

"मखमलीनं! प्लास्टिकवरून, अगदी हलक्या हातानं. पुढून, मागून. चार वर्षांत एक ओरखडा नाही!" सटवाजीची छाती तेवढ्यातही फुगली.

येसू पोट धरधरून हसत सुटली.

"हसतेस काय? उद्या तबक धरावं लागेल!"

"नाही धरावं लागणार. सकाळी बाजारात चला."

दुकानदारानं आधी सोनेरी, तीन डोळ्यांचा फोन पुढे केला. "हाच!" सटवाजी लगेच भाळला.

येसूनं मात्र दुकानदाराला विचारलं, "चार्जिंग दिवसभर टिकतं का? पडला तर काच आपल्या गावात बदलून मिळते का? धडे साठवायला जागा किती?"

सोनेरी फोन तिन्ही प्रश्नांना नापास! शेवटी दुकानदारानं कोपऱ्यातला एक साधा काळा फोन काढला. तो पास झाला. किंमतही दहाव्या हिश्श्यात बसली. येसूनं तो घेतला आणि तिथल्या तिथे त्याच्यावरचं प्लास्टिक टर्रकन ओढून काढलं.

"अगं अगं!" सटवाजी कळवळला. "दिवाळीपर्यंत तरी राहू द्यायचंस!"

दुपारी दरबार भरला. महाराजांनी मिशीला पीळ दिला, मान वर केली. सटवाजीनं आधी राजेशाही फोननं फोटो काढला. नेहमीसारखाच धुकट!

"वा! काय हे तेज!" प्रधानजी म्हणाले. "कॅमेऱ्याला झेपत नाही!"

मग येसूनं आपल्या फोननं फोटो काढून महाराजांसमोर धरला. मिशीचा केस न् केस दिसत होता. मिशीत अडकलेलं श्रीखंड दिसत होतं. नाकावरची चामखीळही दिसत होती.

"खोटारडा फोन!" प्रधानजी ओरडले. "महाराजांना चामखीळ नाहीच!"

महाराजांनी नाक चाचपलं. होती!

"पोरी, तुझं डबडं जिंकलं कसं? आमचा फोन दसपट भारी आहे!"

"भारी आहेच, महाराज. पण त्यानं तुम्हाला अजून पाहिलेलंच नाही! बिचारा चार वर्षं दुकानदाराचं प्लास्टिकच बघतोय!"

 महाराजांनी फोन उचलला, नखानं कोपरा उकरला आणि ओढलं. टर्रर्र! स्वतःच स्वतःचा फोटो काढला. या वेळी चामखीळसुद्धा लख्ख दिसली.

"म्हणजे चार वर्षं आम्ही जे तेज समजत होतो..." ते वळले. "सटवाजी! रोज फोन पुसणारा तू! तुला फोटो धुकट दिसत नव्हते?"

सटवाजीची पाचावर धारण बसली. आता खोटं बोलायलाही सुचेना. "दिसत होते, महाराज. प्रधानजींना तेज दिसतंय आणि मला धुकं, म्हणजे माझेच डोळे गेले असं वाटलं. म्हणून..." त्यानं खिशातून हळूच चष्मा काढला. "गुपचूप हा करून घेतला. त्यातूनही धुकंच दिसतं!"

सगळे महाराजांकडे बघायला लागले. महाराजांच्या मिशा हलल्या, पोट हललं आणि ते खदाखदा हसायला लागले. हसता हसता त्यांनी शेल्यात हात घातला आणि सोन्याच्या काडीचा एक चष्मा बाहेर काढला.

"एकटा नाहीस रे! आम्हीही गुपचूप दोनदा नंबर बदलून घेतलाय!"

मग हुकूम सुटला. येसूचा फोन, शाळा आणि सटवाजीचा चष्मा, सगळं खजिन्यातून! शिवाय महाराजांनी आपला भारी फोन तिच्यापुढे धरला. "हाही घे!"

"नको, महाराज," येसू म्हणाली. "तो घेतला तर आबांना तबक घेऊन माझ्यामागे वर्गात बसावं लागेल!"

महाराज एवढे हसले, की सिंहासनावरचं प्लास्टिक चर्र करून मधोमध फाटलं.