आठव्यांदा उमटलेली चौकट

एका शाळेत पूर्वी एक जुना संगणक होता. तळवीबाईंना त्याच्यावर मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं होतं, पण पेनड्राइव्हमधलं नवं सॉफ्टवेअर काही केल्या त्याच्यावर बसेना. दर वेळी पडद्यावर एक चौकट उमटे आणि बाई घाईने ‘ओके’ दाबत.

“भिवामामा, उद्या हा भंगारात द्या,” शेवटी त्या शिपायाला म्हणाल्या.

पेनड्राइव्ह कळवळून संगणकाला म्हणाला, “आजोबा, तुम्ही काही बोलत का नाही?”

“सात वेळा बोललो, बाळा. मी जुना आहे, मला आधीची आवृत्ती चालेल, एवढंच त्या चौकटीत लिहितो.”

बाईंनी जाता जाता शेवटचा प्रयत्न केला. आठव्यांदा चौकट उमटली. बाईंनी ‘ओके’ दाबलं.

मागे फळ्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आधी प्रश्न नीट वाचा, मगच उत्तर लिहा.