वीतभर जागेतला घाट

दूरदेशी शिकून परतलेल्या एका तरुणीने वाटेत मनाशी चालकांना शिकवणारी एक भव्य शाळा रंगवली होती: उंच छत, आणि त्याखाली माणसाला खुर्चीसकट झुलवणारे पोलादी पाय. प्रत्यक्षात घाटाच्या पायथ्याशी तिला एक पत्र्याची शेड मिळाली. तिथे एक वृद्ध कारागीर, ज्याला सगळे तात्या म्हणत, बसचालकांना सरावाच्या खुर्चीवर घाट शिकवत असे. डोळ्यांवर चित्रं दाखवणारा चष्मा चढवला की समोर घाट उभा राही आणि खालचे सहा पाय खुर्ची हलवत. पण ते कोणत्याही बाजूला जेमतेम वीतभर सरकत.

तरी तिने जीव ओतून काम केलं. खऱ्या बसचा प्रत्येक धक्का मोजला आणि जसाच्या तसा खुर्चीला दिला.

त्या खुर्चीवर भिकाजी नावाचा चालक बसे. धुक्यात गाडी घसरल्यापासून स्टिअरिंग धरलं की त्याचे हात कापत. आठ दिवसांनी त्याची चाचणी होती. तीत तो डगमगला, तर गाडी कायमची सुटणार होती. पण तिच्या घाटात पहिल्याच वळणावर खुर्ची धाडकन टोकाला आदळे आणि त्याला मळमळू लागे.

"ताई," एकदा उतरताना तो म्हणाला, "सव्वीस वर्षांत मला गाडी कधी लागली नाही. तुमची खुर्ची लागली."

ती खट्टू झाली. खुर्चीच्या कारखान्याकडे दुप्पट लांब पाय मागणारं पत्र तिने लिहिलं. तात्यांनी ते वाचून बाजूला ठेवलं. संध्याकाळी त्यांनी तिलाच खुर्चीत बसवलं, खुर्चीच्या कडेला एक पेन्सिल बांधली, तिच्या टोकाशी भिंतीवर कागद चिकटवला आणि आपल्या पद्धतीने घाट सुरू केला.

धुक्यातून ती चढत गेली. वळणावर अंग बाहेर ओढलं जाई, उतारावर ब्रेक लागला की छाती पुढे जाई. दरीतून पांढरे ढग संथपणे वर येत होते. शेड कुठे राहिली, याचं तिला भानच उरलं नाही.

चष्मा उतरवल्यावर तात्यांनी कागद पुढे धरला. पेन्सिलीच्या रेघा दर वेळी मध्यावर परतल्या होत्या; सगळा घाट तिच्या तळहाताखाली मावत होता.

खुर्ची मध्यावर परत आली कधी, असं तिने विचारलं.

"तू दरी बघत होतीस तेव्हा," तात्या म्हणाले. "शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. म्हणून धक्क्याची सुरुवात द्यायची, आणि मग खुर्ची इतकी हळू मागे आणायची, की अंगाला पत्ता लागू नये. ब्रेक लांबला, तर ती हळूच पुढे झुकवायची. मग पृथ्वीच आपल्या वतीने ओढते."

"म्हणजे आपण त्यांना फसवतो, तात्या," ती तळमळून म्हणाली. "मी भिकाजींना खरं तेच देत होते."

"सगळं देण्याच्या हट्टापायी तुझी खुर्ची टोकाला आदळते. पोरी, घाटात ते आदळणं कुठे आहे? तुझ्या खऱ्या घाटात तेवढीच एक गोष्ट खोटी, आणि त्याच्या अंगाला नेमकी तीच लक्षात राहते. आपल्याजवळ जागा वीतभर. पुढचं काही देता यावं, म्हणून दर वेळी मध्यावर परतावं लागतं."

ती बराच वेळ कागदावरच्या रेघांवरून बोट फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी दारात चपला काढत असताना तिने ठरवलं, की ते पत्र पाठवायचं नाही. तिने खुर्ची मधोमध आणली आणि त्याला सांगितलं, की आज पूर्ण घाट नाही; फक्त पहिलं वळण, आणि तिथून सावकाश परत.