मागं राहिलेली ठकूआय

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही. विचारलं तर म्हणतात, "घाटात सडक नव्हती तवाची."

माणदेशाच्या उजाड माळावर चिलारवाडी नावाची धनगरांची वाडी होती. दिवाळी सरली की माळावरचं गवत संपायचं. मग सगळी वाडी मेंढरं घेऊन घाट उतरायची आणि कोकणात चाऱ्याच्या मागं फिरायची. मृगाच्या आधी माघारी यायची. तोवर वाडीत चिटपाखरू नसायचं. परत यावं तर कुणाच्या घराचं छप्पर बसलेलं, कुणाच्या घरात तरस व्यालेलं. पण मागं राहणार कोण? म्हातारी माणसंसुद्धा घोडीवर बसून सोबत निघायची, आणि कैक जणं वाटेतच दगावायची. ठकूचा नवराही असाच घाटात गेला. त्याच्यावर दगड रचून वाडी पुढं निघाली होती. मेंढरं थांबत नाहीत.

ही ठकू तरुणपणी मोठी धडाडीची. असं म्हणतात, की तिचा थोरला, धुळा, घाटाच्या मधोमध सकाळी जन्मला आणि दुपारी ती त्याला घोंगडीत बांधून पुन्हा चालायला लागली. लांडगा कळपात शिरला तेव्हा तिनं जळतं लाकूड त्याच्या तोंडावर हाणलं. आई मेलेलं कोकरू एका मांडीवर आणि स्वतःचं पोर दुसऱ्या मांडीवर घेऊन तिनं दोघांना पाजलं, असंही म्हणतात. वाडीतल्या निम्म्या पोरांची नाळ तिनंच कापली होती, आणि एकाही नवरीची हळद तिच्या ओव्यांवाचून लागली नाही. म्हणून ती साऱ्यांचीच आय झाली.

मग तिचे पाय गेले. घरापुरतं काठीवर सरकायची, पण घाट काही उतरवेना. त्या दिवाळीला धुळा म्हणाला, "आय, घोडीवर बसवून नेतो तुला."

"घोडीवर तुझी लेकरं बसव," ती म्हणाली. "मी ऱ्हाते हितं."

"एकलीच? काय करशील?"

"घरं हायत न्हवं? त्यास्नी बी माणूस लागतंय."

धुळानं पुष्कळ विनवलं. ती हलली नाही. शेवटी तिच्यासाठी धान्य आणि गोवऱ्या भरून ठेवून वाडी निघाली. धुळा खिंडीपर्यंत वळून वळून बघत गेला. ती काठी टेकून उभी होती. खिंड ओलांडली आणि ती दिसेनाशी झाली.

त्या वर्षी लोक परतले तेव्हा खिंडीतून त्यांना नवल दिसलं. वाडीतल्या घराघरातून धूर निघत होता. छपरं शाबूत होती, अंगणं झाडलेली होती. ठकूआय रोज काठीवर सरकत एकेका घरात जायची, केर काढायची, गोवरीचा तुकडा घालून चूल पेटवायची आणि थोडा वेळ तिथं बसायची. सगळ्या घरांतून फिरून स्वतःच्या घरी पोचेस्तोवर दिवस मावळलेला असायचा.

"एकटं वाटलं का गं?" धुळानं विचारलं.

"छ्या! येळच कुठं हुता?"

अशी कैक वर्षं गेली. दर वर्षी धुळा तेच विचारायचा, ती तेच सांगायची, आणि धुळाला ते खरं वाटायचं.

दगडू कासार बांगड्या घेऊन गावोगाव हिंडायचा. ऐन हिवाळ्यात एकदा तो वाट चुकून चिलारवाडीत आला. एका घरातून बोलणं ऐकू येत होतं. सुनेला रागावणं, नातीला लाडावणं, कुणाला भाकरी वाढणं. घर भरलेलं दिसतंय म्हणून त्यानं अंगणात ओझं उतरवलं आणि बांगड्यांची आरोळी दिली. बोलणं थांबलं. आतून एकटी ठकूआय बाहेर आली.

"आय, बाकीच्या बाया कुठं हायत?"

"गेल्यात मेंढरांसंगं."

"मग कुणाशी बोलत हुतीस?"

 त्यानं अवघडून ओझं उचललं, तशी तिनं त्याच्या धोतराचा सोगा धरला. "बस की जरा. बांगड्या ऱ्हाऊ देत. काय बी बोल. तुझ्या घरचं सांग."

दगडू दिवस मावळेपर्यंत बसून बोलत राहिला. ती नुसती ऐकत होती.

पुढं बाजारात भेटल्यावर त्यानं हे धुळाला सांगितलं. धुळा भर बाजारात खाली बसला. त्या दिवाळीला तो आईला म्हणाला, "औंदा मी ऱ्हातो तुझ्याजवळ."

"आन् मेंढरं? लेकरं?"

"त्यांचं बघतील कुणी."

"कुणी बघत नसतंय, धुळ्या," ती म्हणाली. मग त्याच्या तोंडावरनं हात फिरवत म्हणाली, "तू जा. तुमी येनार हाय म्हनून तर मी चूल पेटवते. तू हितंच बसलास तर मी वाट कुनाची बघू?"

धुळा गेला. कोकणात त्या वर्षी त्याला अन्न गोड लागलं नाही.

परतताना खिंडीत पोचला तर खाली घराघरातून धूर निघत होता. त्याचा जीव भांड्यात पडला. तो मेंढरं सोडून पळत सुटला. वेशीपाशी आई नव्हती. "आय, आलो गं!" त्यानं हाक दिली. उत्तर आलं नाही. दगडू कासार तेवढा तिथं उभा होता.

"आय गेली, धुळा," तो म्हणाला. "शिमग्याच्या आधीच. मी आलो तवा ती गेली हुती. शेजारच्या गावची मानसं बोलावून माती दिली. तवापास्नं मी येऊन-जाऊन हाय, आन् आता चार दिस तुमची वाट बघत हितं वेशीपाशीच बसलोय. वाडीत कुनी बी शिरलं न्हाई."

"मग चुली कुनी पेटवल्या?"

दगडूनं खिंडीकडं पाहिलं, वाडीकडं पाहिलं. 

धुळा घराघरात गेला. प्रत्येक चुलीतल्या राखेत त्यानं हात घातला. प्रत्येक राख ऊन होती, असं म्हणतात. शेवटी तो आपल्या घरात शिरला आणि आईच्या चुलीपाशी बसून राहिला. निखारे होते तोवर कुणी त्याला उठवलं नाही. ते विझले ते मात्र पुन्हा आपोआप कधी पेटले नाहीत.

आता चिलारवाडीत मेंढरं थोडी राहिलीत. पोरं ट्रक चालवतात, गिरणीत जातात, कुणी पार हैदराबादेला असतात. पण वाडीचं माणूस किती का दिवसांनी येईना, फाट्यावर एसटीतून उतरून वेशीपाशी आलं की हातातलं सामान खाली ठेवतं आणि मोठ्यानं म्हणतं, "आय, आलो गं!" स्वतःची आई घरात असली तरी म्हणतं, नसली तरी म्हणतं. नव्या नवरीलाही हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

हाक मारून लगेच आत जायचं नसतं. उत्तर येईल एवढा वेळ थांबायचं असतं. मग सामान उचलायचं.

तेवढा वेळ तिथं कुणी बोलत नाही.