मुंगीचा नंबर

एक होती मुंगी. इवलीशी, काळी. रांगेत चालली होती. तुरुतुरु तुरुतुरु!

टप्! तोंडातला दाणा पडला. घरंगळत गटारात गेला. मुंगी बघतच राहिली. मान वर करते तर काय? रांग गेली! एकटी उरली बिचारी.

"दाणा नाही, रांग नाही. मला कुण्णी नाही गं बाई!"

समोर रेशनचं दुकान. तिथे केवढी रांग! पण माणूस एक नाही. नुसती पिशवी, डबा, चप्पल. नंबर लावून माणसं गेली घरी.

"पिशवीताई, बोल ना माझ्याशी."

पिशवी गप्प.

मुंगीकडे कुठली पिशवी? तिनं रांगेच्या शेवटी एक खडा ठेवला. साखरेच्या दाण्याएवढा.

आत दुकानवाले अण्णा.

"अण्णा, अण्णा, दाणा द्या."

"पोती आली तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु! ट्रकवाले चाचा भेटले.

"चाचा, चाचा, पोती आणा. अण्णा दाणा देईनात."

"तानूबाईनं ज्वारी दिली तर आणीन."

तुरुतुरु तुरुतुरु! तानूबाई शेतकरीण. ज्वारीच्या राशीपाशी बसलेली.

"तानूबाई, तानूबाई, ज्वारी द्या. चाचा पोती आणीनात, अण्णा दाणा देईनात."

"वा गं वा! वर्षभर राबले मी, देऊ का फुकट? ठरलेला भाव मिळाला तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु! ज्वारी मोजून घेणारे काटेवाले काका.

"काका, काका, भाव द्या. तानूबाई ज्वारी देईना, चाचा पोती आणीनात, अण्णा दाणा देईनात."

"काटाच हलेना! मोजू कसा? भाव देऊ कसा?"

मुंगी शिरली काट्याच्या फटीत. आत अंधार. भीती वाटली. पण सोबतीला कोण? कुण्णी नाही. चाचपडते तर काय? काडी अडकलेली! ओढली, ओढली, ओढली.

टुण्! काटा हलला.

काकांनी भाव दिला. तानूबाईनं ज्वारी दिली. चाचांनी पोती आणली. घर्रर्र घर्रर्र!

माणसं धावत आली. जो तो आपापल्या नंबरावर. मुंगी आली धापा टाकत. अगं बाई, केवढाले पाय! माझा खडा गेला असेल तुडवला!

खडा तिथेच होता. मागे एक म्हातारी, हौसाबाई, हात आडवा धरून.

"ए, पाय उचल! इथे मुंगीचा नंबर आहे. तिच्यामागे मी."

"तुम्ही मला बघितलंत?"

"बघितलं की, माझ्या खिडकीतून, खडा ठेवताना. मीपण एकटीच असते गं."

अण्णांनी मुंगीला दाणा दिला. टपोरा, पांढरा. मुंगी निघाली.

"थांब की," हौसाबाई म्हणाली, "माझा नंबर होऊ दे. मग दोघी जाऊ."

मुंगी थांबली. मग दोघी निघाल्या. एक हळूहळू, एक तुरुतुरु.